डॉसवाला लॅपटॉप

खंडेनवमीच्या दिवशी भोसरी एमआयडीसीत दुपारी बारानंतर धातूची एक चिप पडत नाही. सकाळीच शेडची फरशी धुतात, मशीनच्या गार्डवरचा कूलंटचा चिकट थर पुसतात, आणि एरवी न दिसणारा मशीनचा मूळ रंग त्या दिवशी दिसतो. मग झेंडूच्या माळा. व्हीएमसीला, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरला एक, टर्निंग सेंटरला एक, कॉम्प्रेसरला एक. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू. जे ब्लॉकमधल्या ज्या शेडचं प्रोग्रॅमिंग मी गेली काही वर्षं करते, तिथे एक माळ कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कपाटालाही घालतात. कपाटात एक पिवळट पडलेला डेस्कटॉप आहे. तिथले सेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, कीबोर्डच्या एंटर बटणावर कुंकवाचं बोट टेकवतात. बाकीच्या बटणांना नाही. ‘हात तिथंच लागतो ना ताई,’ एवढंच त्यांचं शास्त्र.

पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात सी, कोलन, एक तिरपी रेघ आणि लुकलुकणारा कर्सर. पूजेला आलेला मालकांचा पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. त्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘हे अजून चालतं?’

मामा म्हणाले, ‘चालतं म्हणजे? मशीन यानंच चालतंय.’

त्या डेस्कटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फ्रीडॉस. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती कधीतरी घरी आणलेली असेल आणि त्यांना ते ठाऊकही नसेल. आपल्याकडे लॅपटॉप घ्यायला गेलं की एकाच मॉडेलचे दोन भाव सांगायचे दिवस होते: विंडोजवाला आणि डॉसवाला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त. कंपनीला विंडोजचे पैसे भरायचे नसतात आणि गिऱ्हाइकाला रिकामं मशीन द्यायचं नसतं, म्हणून मध्ये ही फुकटातली फ्रीडॉस. गिऱ्हाईक ती घरी नेतं, शेजारचा मुलगा पेन ड्राइव्ह लावतो, अर्ध्या तासात तिचं नाव-निशाण राहत नाही. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मी माझा लॅपटॉप घेतला तेव्हा काउंटरवरच्या पोराने सवयीने विचारलं, ‘मॅडम, विंडोज टाकून देऊ ना?’ मी म्हटलं, नको, आहे तीच राहू दे. नवी पैठणी घेऊन गोणपाट नेसणार म्हणाले असते तर त्याने जसं पाहिलं असतं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

आज माझं रोजचं कमाईचं काम त्या काळ्या पडद्यावर चालतं. सगळं नाही. मेल, बँक, ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं कॅमचं सॉफ्टवेअर यांसाठी दुसरा काँप्युटर आहे, आणि तो लागतोच. पण मशीनकडे जाणारा प्रत्येक जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांचा प्रोग्रॅम, शेवटी इथून जातो, माझी चलनं इथून छापली जातात, आणि मला लागणारे लहानसहान प्रोग्रॅम मी इथेच लिहिते. लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. थोडा असेलही. पण त्याचं मूळ शोधायचं तर माझ्या स्वभावात नव्हे, मशीनच्या पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या एका सॉकेटमध्ये शोधावं लागेल.

आधी या डॉसची थोडी कुळकथा. १९८१ साली मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस विकत घेतली आणि ती आयबीएमच्या पीसीबरोबर जगभर गेली. १९९४ पर्यंत वारं फिरलं होतं. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीत डॉस मागे पडणार, हे मायक्रोसॉफ्ट उघड बोलू लागली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जिम हॉल नावाचा पदार्थविज्ञानाचा एक विद्यार्थी होता. त्याचं रोजचं काम डॉसवर नीट चाललेलं होतं आणि ते सोडायची त्याची इच्छा नव्हती. २९ जून १९९४ रोजी त्याने जाहीर केलं की डॉस आपणच नव्याने लिहू आणि सगळ्यांना मोकळी ठेवू. पॅट व्हिलानी यांनी आधीच लिहिलेलं कर्नल मिळालं, टिम नॉर्मन यांनी कमांड वाचणारा भाग दिला, आणि काम सुरू झालं. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, यायला २००६ चा सप्टेंबर उजाडला. बारा वर्षं! पण तिथे थांबली नाहीत ही माणसं. २०२२ मध्ये १.३ आली, २०२५ मध्ये १.४. ज्या मूळ डॉसची ही नक्कल, तिची शेवटची सुटी विकली गेलेली आवृत्ती १९९४ चीच. मायक्रोसॉफ्टने तिच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड नंतर खुला केला, ४.० चा तर थेट २०२४ मध्ये. वाडा पडल्यावर नकाशा मिळावा तसं.

आता ते पंचवीस पिनांचं सॉकेट. भोसरी, तळवडे, चिखली, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यातल्या छोट्या शेडमध्ये नवी मशीनं असतात तशीच जुनीही असतात. मोठ्या कारखान्याने काढून टाकलेलं सेकंड हॅंड व्हीएमसी इथे पुढची पंधरा वर्षं सहज जगतं. लोखंड चांगलं असतं, स्पिंडल नवा बसवता येतो, गाइडवे घासून घेता येतात. म्हातारी होते ती त्याची स्मरणशक्ती. या पिढीच्या कंट्रोलरची मेमरी किती ते मॅन्युअलमध्ये मीटरमध्ये दिलेलं असतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मीटर कसले? कागदी पट्टीचे. पूर्वी प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी टेपवर असायचा, एका इंचात दहा भोकांच्या ओळी, म्हणजे दहा अक्षरं. एका मीटरला सुमारे ३९४ अक्षरं. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर ६४० मीटर लिहिलेलं असलं की समजायचं २५६ केबी. टेप गेली, तिचा गज उरला.

साध्या ड्रिलिंगला, फेसिंगला दहा-वीस मीटर पुरे होतात. पण डायच्या पोकळीला, जिथे पृष्ठभाग वळत-वळत जातो, कॅममधून निघणारा प्रोग्रॅम काही लाख ओळींचा असतो. तो त्या मेमरीत मावत नाही. मग तो बाहेरून थेंबथेंब पाजावा लागतो. याला आमच्याकडे सरळ ‘ड्रिप’ म्हणतात, सलाईन लावल्यासारखं. काँप्युटर एक तुकडा पाठवतो, मशीन तो कापता-कापता पुढचा मागतं. मागायची रीत ठरलेली. पोट भरलं की मशीन १९ नंबरचं अक्षर पाठवतं, म्हणजे थांब. जागा झाली की १७ नंबरचं, म्हणजे चालू दे. ४८०० बॉडला, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, असं सेटिंग असेल तर एका अक्षराला सगळे मिळून ११ बिट लागतात, आणि सेकंदाला जेमतेम ४३६ अक्षरं जातात. वीस-बावीस अक्षरांची एक ओळ धरली तर सेकंदाला वीस ओळी. आजच्या फोनपुढे ही गती सांगायलाही लाज वाटते. पण कटरला तेवढी पुरते. त्याला खंड मात्र चालत नाही.

आणि गोची नेमकी इथे आहे. मशीनने ‘थांब’ म्हटल्यावर पाठवणाऱ्याने खरोखर थांबायला हवं. फॅनकचा कंट्रोल दहाएक अक्षरं जास्तीची सहन करतो. त्यापुढे गेलात तर ०८७ नंबरचा अलार्म, काम बंद. आता गंमत बघा. पीसीच्या सिरियल पोर्टमधल्या चिपला सोळा अक्षरांची एक लहान रांग असते. वेग वाढावा म्हणूनच दिलेली. पण ‘थांब’ येईपर्यंत ती सोळा अक्षरं रांगेत चढलेली असतील तर ती बाहेर पडणारच. म्हणजे जास्त हुशार, जास्त वेगवान हार्डवेअर इथे मशीनला ठसका लावतं. यूएसबीचा कन्व्हर्टर मध्ये आला की रांगेत आणखी एक रांग.

फ्रीडॉसमध्ये माझ्या आणि त्या चिपच्या मध्ये कुणी उभं नसतं. पहिला सिरियल पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर, त्याची रांग चालू-बंद करायची जागा ३एफए. तिथे शून्य लिहिलं की रांग बंद. एक अक्षर पाठव, मशीन काही म्हणतंय का बघ, मग पुढचं अक्षर. सी भाषेत दोनशे ओळींच्या आत बसणारा हा प्रोग्रॅम मी ओपनवॉटकॉम कंपायलरवर लिहिला. सकाळी चहा पिताना सुरू केला, दुपारच्या जेवणापर्यंत चालला, आणि त्यानंतरचे दोन महिने त्यात मी फक्त एक भर घातली: किती ओळी गेल्या आणि किती उरल्या ते मोठ्या अक्षरांत दाखवायचं. मामांना दहा फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून. विंडोजवर किंवा लिनक्सवर हेच काम होत नाही असं मी म्हणणार नाही. होतं, रांग तिथेही बंद करता येते. फक्त तिथे या कामाच्या आजूबाजूला इतर शंभर कामं चाललेली असतात आणि त्यातलं कोणतं कधी डोकं वर काढेल ते आपल्या हातात नसतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, भोगलंय. फ्रीडॉसकडे वळायच्या आधी, एका डायचं फिनिशिंग रात्रभर लावलं होतं. बॉलनोज कटर, नऊ तासांचा प्रोग्रॅम, माझा नेहमीचा लॅपटॉप ड्रिपला लावलेला. चार्जरची पिन सैल झाली होती ती मी पाहिली नाही, आणि बॅटरीवर असताना ठरावीक वेळाने झोपायचं हे सेटिंग मीच कधीतरी करून विसरले होते. पहाटे कधीतरी लॅपटॉप झोपला. स्पिंडल फिरत राहिला, कटर एकाच जागी टेकून राहिला, पुढच्या ओळीची वाट बघत. सकाळी पोकळीच्या तळाशी एक गोल चमकणारा डाग. बोटाला जाणवत नव्हता, नखाला जाणवायचा. पॉलिशवाल्याने दोन दिवस घासला. चूक शंभर टक्के माझी होती. त्या महिन्याचं बिल मी लावलं नाही. त्यानंतर मी अशा ऑपरेटिंग सिस्टिमच्या शोधात निघाले जिला झोपच येत नाही, आणि ती बॅगेत आधीपासून होती.

एक माणूस, एक काम, मध्ये कुणी नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे एका वेळी दुसरं काहीही नाही. ड्रिप चालू असताना त्या डेस्कटॉपवर गाणं लावता येत नाही, गणकयंत्र उघडता येत नाही. नोटिफिकेशन येत नाहीत, कारण यायला दारच नाही. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की त्यांच्या कादंबऱ्या ते डॉसच्या मशीनवर, वर्डस्टारमध्ये लिहितात. लोक हसले होते. आमच्या शेडमध्ये कुणी हसलं नसतं.

शिवाय आडवळणाची ऑपरेटिंग सिस्टिम फक्त आमच्या कपाटातच आहे असं थोडंच आहे! चिंचवड स्टेशनच्या खिडकीवर गणपतीसाठी कोकणाचं तिकीट काढायला रांगेत उभे राहिलेले सगळे वर्षानुवर्षं ओपनव्हीएमएस नावाची प्रणाली वापरत आले. रेल्वेचं आरक्षण तिच्यावर बांधलेलं, आणि तिचा जन्म १९७७ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची गाड्या चालवणारी यंत्रणा १९९८ ची, ती रोज सकाळी सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू व्हायची. आणि चाकणच्या कारखान्यांच्या गेटमधून बाहेर पडणारं जवळजवळ प्रत्येक वाहन तर आपल्या पोटात दोन-चार ते कित्येक डझन ऑपरेटिंग सिस्टिम घेऊनच रस्त्यावर येतं. जर्मनीत १९९३ मध्ये ओसेक नावाचं मानक आकाराला येऊ लागलं, २००३ मध्ये त्याच्या पुढचं ऑटोसार. इंजिनाच्या, ब्रेकच्या कंट्रोलरमध्ये या मानकांप्रमाणे बनलेली ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिच्यात कुठलं काम किती वेळा आणि कोणत्या क्रमाने करायचं ते गाडी बनण्याच्या आधीच ठरतं. नंतर नवं ॲप टाकायची सोय नाही, आणि ती नाही म्हणूनच ब्रेक वेळेवर लागतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मोटरसायकलींतही फ्युएल इंजेक्शन आणि त्याचा छोटा काँप्युटर सरसकट आला. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या माणसाच्या आजूबाजूला हजारो ऑपरेटिंग सिस्टिम ताशी शून्य किलोमीटर वेगाने इमानेइतबारे चालू असतात. त्यातल्या एकीचंही नाव त्याला सांगता येणार नाही.

प्रोग्रॅमिंगची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या पिढीचं एक गुपित सांगते. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा-डिग्रीच्या हजारो मुलामुलींनी पहिला सी प्रोग्रॅम डॉसवरच लिहिला, तोही डॉस मेल्याची बातमी शिळी झाल्यावर. टर्बो सीचा तो निळा पडदा आठवा. बोरलँडने १९८७ मध्ये काढलेला हा कंपायलर. आमच्या लॅबमध्ये विंडोज आलं, मग चौसष्ट बिटांचं विंडोज आलं, त्यावर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालेनात, तर डॉसबॉक्समध्ये खोट्या डॉसचा देखावा उभा करून त्यात टर्बो सी चालवलं, पण सोडलं नाही. हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. प्रोग्रॅम सुरू होताना पडदा पुसायचा आणि शेवटी एक बटण दाबेपर्यंत थांबायचं, हे दोन संस्कार तेव्हाचे. आयटीतले मित्र म्हणतात, त्या अभ्यासक्रमाने आमचं नुकसान केलं, जग कुठे गेलं होतं आणि आम्ही कुठे. त्यांचं बरोबर आहे. माझं मात्र कल्याण झालं. डिप्लोमाला जे कालबाह्य म्हणून नावं ठेवत शिकले तेच माझ्या पोटापाण्याला आलं. योगायोग, दुसरं काही नाही.

चलनाचं प्रकरण वेगळंच. जॉबवर्कचा माल एका शेडमधून दुसऱ्या शेडला जाताना जीएसटीच्या नियमांप्रमाणे डिलिव्हरी चलन तीन प्रतींत लागतं: एक माल घेणाऱ्याला, एक टेम्पोवाल्याला, एक आपल्याला. तीन प्रती एकदम काढायला तीन पदरी कार्बनचा कागद आणि सुयांनी ठोकणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांच्याइतकं स्वस्त अजून काही नाही. कर्रर्र कर्रर्र करत तिसऱ्या प्रतीवरही उमटतं. डॉसला या प्रिंटरशी बोलायला ड्रायव्हर लागत नाही, अक्षरं सरळ पोर्टवर सोडायची. मी ऐंशी रकान्यांचा एक साचा बनवला, मालाचं नाव, नग, वजन, मोबदल्याचा दर. टेम्पोवाले भाऊ ताटकळले की शिव्या देतात, म्हणून तो साडेचार सेकंदांत पहिली ओळ ठोकायला लागतो. घड्याळ लावून पाहिलंय. ई-वे बिल लागलं तर ते फोनवर. आकडा वाचून हाताने चलनावर लिहायचा. दोन युगं एका कागदावर.

चलन मात्र इंग्रजीत. आणि इथे माझी या प्रणालीविषयीची खरी तक्रार येते. तिला माझी भाषा दिसत नाही. हा लेख मी तिच्यावर लिहिलेला नाही, लिहिता आला नसता. युनिकोडमधली मराठी फाइल फ्रीडॉसमध्ये उघडली तर प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे तिच्या जुन्या २५६ आकारांच्या तक्त्यातला एखादा परका आकार. ‘मराठी’ हा शब्द पंधरा खुणांचा होतो. त्यात पाच वेळा ग्रीक अल्फा येतो, आणि त्याच्यामागे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश एन. वेलांटी, काना सगळ्यांचा एकच अल्फा. गमतीने पाहायला बरं वाटतं, पण मामांना त्यांच्या भाषेत एक सूचना त्या पडद्यावर दाखवता येत नाही हे लाजिरवाणं आहे. ‘टूल बदला’ एवढं तरी. मी रोमनमध्ये लिहिते, मामा ते वाचतात, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

जास्त खुपतं ते यासाठी की डॉसवर मराठी दिसत होती. आणि ती दाखवणारं काम इथून तासाभरावर, पुण्यातच झालं होतं. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी आयआयटी कानपूरला देवनागरी काँप्युटरवर काम करत होते. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे आलं. ‘परम’ सुपरकाँप्युटरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण माझ्या दृष्टीने त्या संस्थेने केलेली तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड. पीसी उघडायचा, खाचेत हे कार्ड बसवायचं, आणि वर्डस्टार, डीबेस, लोटस अशा इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाईप व्हायची, दिसायची, छापली जायची. प्रोग्रॅमला पत्ताच नसायचा. तो आपला एका पाठोपाठ अक्षरं पाठवत राहायचा, आणि जोडाक्षर जुळवणं, वेलांटी मागे आणणं ही सगळी उस्तवार कार्ड करायचं.

त्याच्यामागे एक फार सुंदर कल्पना होती. भारतीय लिप्या दिसायला वेगळ्या, पण वर्णमाला एकच. क, ख, ग, घ, ङ जवळजवळ सगळीकडे त्याच क्रमाने. मग कोड आकाराला न देता वर्णाला द्यावा. त्यातून इस्की हे मानक आलं, १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ते स्वीकारलं. १९८६ मध्ये ठरलेला इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच विचारातला: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. युनिकोडने देवनागरीचा तक्ता मांडताना इस्कीचाच १९८८ चा क्रम उचलला. म्हणजे आज फोनवर ‘शुभ दीपावली’ टाईप करणारा प्रत्येक जण नकळत त्या कामाच्या खांद्यावर उभा आहे. मी इनस्क्रिप्टच वापरते. हा लेखही त्याच्यावरच, शेजारच्या लिनक्स मशीनवर.

जिस्ट कार्ड आज चालवायचं म्हटलं तर आधी ते मिळायला हवं, आणि ते बसेल अशी जुनी खाच असलेला मदरबोर्डही. एकेकाळी अशा गोष्टींचा पत्ता ठरलेला होता: चिखलीजवळचं कुदळवाडी. भंगाराची गोदामं मैलभर. तिथे किलोवर मदरबोर्ड मिळायचे. कपाटातल्या डेस्कटॉपचा सध्याचा बोर्ड तिथूनच आणलेला, आणि तो उचलताना भंगारवाल्या चाचांनी मला विचारलं होतं, ‘बेटी, इसका सोना निकालोगी?’ फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली हजारो पत्राशेड आणि गोदामं पाडली. अनधिकृत होती, आगी लागायच्या, नदीत काय-काय जायचं, हे सगळं खरं. पण पाडापाडीनंतर मी एकदा तिथून गेले, पुलापासून पुढे सपाट मैदान आणि विटांचे ढीग, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सुट्या भागांचा. आता बोर्ड गेला तर कुठे जायचं? दुकानातल्या नव्या मशीनवर फ्रीडॉस चढतेच असं नाही. तिला जुन्या पद्धतीचं बायोस लागतं, आणि इंटेलने २०२० पर्यंत ते काढून टाकायचं धोरण घेतलं होतं. हल्ली डॉसवाला म्हणून मिळणाऱ्या काही लॅपटॉपमध्ये आत लिनक्स चालू होतं आणि त्याच्या पोटात खोटं मशीन उभं करून फ्रीडॉस दाखवतात. म्हणजे पैठणीच्या घडीत गोणपाट. सिरियल पोर्टच्या दृष्टीने हे निरुपयोगी. मी पर्याय म्हणून दोन जुने बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली ठेवलेत, लोणच्याच्या बरणीसारखे.

ऑफिसच्या केबिनमध्ये तीन विंडोजचे काँप्युटर आहेत आणि त्यांचं दुखणं वेगळं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि ११ साठी टीपीएम नावाची चिप लागते, जी त्यातल्या दोनांत नाही. चालती मशीनं, फक्त परवानगी संपलेली. याच सुमारास चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं सप्लायर ऑडिट होतं. प्रश्नावलीत प्रत्येक काँप्युटरसाठी रकाने: अँटिव्हायरसचं नाव, आवृत्ती, शेवटचं अपडेट. कपाटातल्या डेस्कटॉपला नेटवर्कच नाही. ‘लागू नाही’ असा पर्याय प्रश्नावलीत नव्हता, रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. मालकांनी घाम पुसत मला बोलावलं. ऑडिटर मुलगी तरुण होती, हुशार होती. कपाटाच्या मागे वाकून तिने कुठेही इंटरनेटची वायर नाही याचा फोटो काढला, तो जोडला आणि शेरा लिहिला. मग हळूच म्हणाली, ‘आमच्याकडे आत पण असली दोन आहेत.’

नियमाप्रमाणे तिने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच होता, आणि तो तिने विचारला नाही. हे सगळं मामांना आणि मला सोडून कुणाला येतं? मामा आता अठ्ठावन्नचे. कुठली पॅरामीटर कधी बदलली ते त्यांच्या वहीत आहे, अर्धं मराठीत, अर्धं खुणांत. गेल्या उन्हाळ्यात मी ती वही फोनवर पानपान टिपून घेतली. पुतण्याला दाखवली तर तो म्हणाला, मी यातून सॉफ्टवेअर बनवून देतो. मी म्हटलं, आधी मामांबरोबर एक शिफ्ट कर. तो आला. दोन गुरुवार, आमच्या सुट्टीच्या दिवशी. गुरुवारी मशीनं बंद असतात, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, पण मामा त्याच्यासाठी आले. तिसऱ्या गुरुवारी दिवसभर वीज नव्हती, देखभालीसाठी, मग ते दोघं दारात खुर्च्या टाकून वही वाचत बसले.

त्यात एक पान लाल पेनाने लिहिलेलं आहे. मशीनच्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर जपणारी एक बॅटरी असते. ती संपली तर शेकडो आकडे एका क्षणात जातात आणि मशीनला आपण कोण आहोत हेही आठवत नाही. बदलायची कधी, तर कंट्रोल चालू असताना. बंद करून काढलीत की गेलंच सगळं. म्हणून गुरुवारी नाही, वीज जाऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीत नाही. मामांच्या हस्ताक्षरात तिथे लिहिलंय: ‘बुधवारी, सेकंड शिफ्टला, जॉब उतरवल्यावर. मशीन चालू ठेवून. आधी बॅकअप.’

परवाच्या बुधवारी रात्री साडेनऊला ती बदलली. बॅकअप फ्रीडॉसवर घेतला, पुतण्याने एंटर दाबलं, पडद्यावर आकडे सरकत राहिले. जुनी बॅटरी निघाली, नवी बसली, अलार्म आला नाही. मामांनी मार्करने नव्या बॅटरीवर तारीख टाकली आणि मार्कर पुतण्याच्या हातात दिला. त्याने खाली स्वतःचं नाव लिहिलं.